प्लेटोला कोणत्या रकान्यात घालायचं?

(अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



मागच्या अभ्यासवर्गात आपण फळ्यावर दोन रकाने पाडले होते. एक 'आपल्या बाजूचे', दुसरा 'विरुद्ध बाजूचे'. ग्रीक तत्त्वज्ञांची पाळी आली तेव्हा प्लेटो चटकन पहिल्या रकान्यात गेला, ॲरिस्टॉटल दुसऱ्यात. खडू माझ्याच हातात होता. घरी जाऊन पुस्तक पुन्हा काढलं आणि झोप उडाली. म्हणून आज बोलायला उभी आहे.

आधी प्लेटोच्या बाजूनं बोलते. त्याचं 'रिपब्लिक' इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातलं. अथेन्स म्हणजे लोकशाहीचं माहेरघर, असं आपण शाळेत घोकलं. त्या माहेरघरात बाईला मत नव्हतं, सभेत जागा नव्हती, आणि कोर्टात तिच्या वतीनं बाप, भाऊ नाहीतर नवरा उभा राहायचा. अशा शहरात बसून हा माणूस ग्रंथाच्या पाचव्या भागात सॉक्रेटिसच्या तोंडून म्हणतो की राज्य राखणाऱ्या वर्गात बायकाही असाव्यात. त्यांना तेच शिक्षण, तीच कसरत, तेच लढाईचे धडे.

त्याचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. राखणीच्या कुत्र्यांतल्या माद्यांना, पिल्लं होतात म्हणून, आपण घरात बसवून ठेवतो का? त्याही राखण करतात, शिकारीला जातात. यावर कोणी म्हणेल, बाई आणि पुरुष निसर्गतःच वेगळे. वेगळे कबूल, पण कशाच्या बाबतीत? टकला माणूस आणि केसवाला माणूसही वेगळेच. मग टकल्यानं जोडे शिवले तर केसवाल्याला ते काम मना करायचं का? नुसता फरक दाखवून भागत नाही, त्या कामाशी फरकाचा संबंध दाखवावा लागतो. बाई मूल जन्माला घालते, याचा राज्य चालवण्याशी संबंध काय? नोकरीच्या मुलाखतीत आजही 'लग्न कधी करणार?' असं विचारलं जातं. त्याला इतकं चोख उत्तर माझ्या तरी वाचनात नाही.

पण पान उलटलं की तोच सांगतो, बाई सगळी कामं करू शकते, मात्र सगळ्यात पुरुषापेक्षा कमी पडते. त्याच्या पुढचं तर वाचवत नाही. या वर्गात लग्न नाही, घर नाही, बायका आणि मुलं सामाईक. 'बायका सामाईक', शब्द बघा! पुरुष सामाईक असं तो म्हणत नाही. कोणाची जोडी कोणाशी लावायची ते राज्यकर्ते चिठ्ठ्या टाकून ठरवणार, आणि त्या चिठ्ठ्यांत मुद्दाम लबाडी करणार. लढाईत पराक्रम गाजवणाऱ्या तरुणाला बक्षीस म्हणून जास्त वेळा बाई मिळणार. बाईनं विसाव्या वर्षापासून चाळिसाव्यापर्यंत राज्यासाठी मुलं प्रसवायची. मूल झालं की ते काढून घेतलं जाईल. पान्हा फुटलेल्या आयांना पाजायला आणायचं, पण आपलं मूल कोणतं ते एकीलाही ओळखू येणार नाही अशी खबरदारी घ्यायची. त्या बाईला काय वाटेल, हा प्रश्न अख्ख्या संवादात कोणी विचारत नाही.

१९७६ साली ज्युलिया ॲनास या अभ्यासक बाईनं नेमकं हेच दाखवलं. प्लेटोला बाईच्या हक्काशी किंवा तिच्या कोंडमाऱ्याशी देणंघेणं नाही. निम्मी माणसं वाया जातात, यात राज्याचा तोटा आहे, एवढंच त्याचं म्हणणं. हा हिशोब आपल्या ओळखीचा आहे. बाईला शिकवा, का? तर देशाची प्रगती होईल, मुलं सुदृढ होतील. तिला स्वतःला शिकायचंय, हे कारण यादीत शेवटी, आलं तर.

साम्यवादी म्हणावं, तर त्याच्याकडे खाजगी मालमत्तेची बंदी फक्त वरच्या वर्गाला आहे, शेतकरी-कारागिरांना नाही. त्या शेतकऱ्या-कारागिरांच्या बायकांबद्दल तर तो जवळपास गप्पच आहे. कार्ल पॉपरनं १९४५ साली त्याला सर्वंकष हुकूमशाहीचा पूर्वज ठरवलं. त्यात तथ्य आहे. पण तेवढंच म्हटलं की तो टकल्याचा युक्तिवाद हातचा जातो, आणि तो मला सोडायचा नाही.

ॲरिस्टॉटलची गंमत उलटी आहे. मालमत्ता आणि बायका सामाईक करण्याला त्यानं कसून विरोध केला, मध्यमवर्गाच्या हाती राज्य असलेलं बरं म्हणाला, म्हणून काहीजण त्याला उदारमतवादी म्हणतात. तोच 'पॉलिटिक्स'मध्ये लिहितो की गुलामाला विचारशक्ती नसते, बाईला असते पण तिचा अंमल चालत नाही. आणि कुत्र्याच्या दाखल्यावर त्याचा आक्षेप काय? जनावरांना घर चालवायचं नसतं! म्हणजे बायका राज्य करायला गेल्या तर घरचं कोण बघणार? तेवीसशे वर्षं झाली, आपल्या घरी अजून हेच विचारतात. मात्र प्रश्न खरा आहे. प्लेटोनं घरच मोडून तो टाळला, सोडवला नाही.

म्हणून त्या दिवशी मी प्लेटोचं नाव पुसलं असतं, तरी चूकच झाली असती. रकाना माणसासाठी पाडला की त्याचं सगळं म्हणणं एका गाठोड्यात बांधावं लागतं. आपण युक्तिवाद घेऊ या आणि त्याचा हिशोब त्याच्यापाशी ठेवू या.

जाता जाता एका बाईचं नाव सांगते, फळ्यावर ते आलंच नव्हतं. हिपार्किया. ॲरिस्टॉटलनंतरच्या पिढीतली. क्रेटिस या फाटक्या तत्त्वज्ञाशी तिनं हट्टानं लग्न केलं, त्याच्यासारखाच साधा अंगरखा घालून त्याच्याबरोबर चारचौघांत वावरली. तिचं लिखाण उरलं नाही, डायोजिनिस लेर्टिअसनं नोंदवलेल्या आठवणी उरल्या. एका मेजवानीत थिओडोरसला तिनं वादात गप्प केलं. त्याला उत्तर सुचेना, तेव्हा तो तिच्या अंगरख्याला हात घालायला धजला. ती डगमगली नाही. मग त्यानं हिणवलं, माग टाकून आलेली बाई ती हीच का? ती म्हणाली, हो, मीच. मागावर जायचा वेळ मी शिकण्यात घालवला, त्यात माझं काही चुकलं असं वाटतं का तुम्हाला?