आपली पाठ कोण दाबणार?



सध्या कांदा लागण जोरात आहे. दिवसभर वाफ्यात वाकून घरी आलं की कंबर धरलेली असते. तरी चूल पेटते, भाकरी होतात आणि निजताना सासूबाईंचे पाय चेपायलाही आपणच बसतो. आपली पाठ तेवढी तशीच राहते. म्हणून आमच्या बचत गटाने ठरवलं, बैठकीत हप्ते गोळा झाले की पंधरा मिनिटं एकमेकींची पाठ दाबायची.

कशी दाबायची, हे आम्ही जपानच्या शियात्सूवरून शिकलो. शि म्हणजे बोट, आत्सु म्हणजे दाब. तोकुजिरो नामिकोशी यांनी लहानपणी आईचे दुखरे सांधे दाबून देता देता ही पद्धत बसवली. पुढे १९४० मध्ये त्यांनी टोकियोत तिची शाळा काढली. हिला तेल लागत नाही, अंगावरचे कपडे काढावे लागत नाहीत. ओसरीवर गोधडी टाकली की झालं.

जिची पाठ दाबायची तिला पालथं निजवा. मणक्याच्या हाडावर कधीच दाबायचं नाही. हाडापासून दोन बोटं सोडून, दोन्ही बाजूंना, खांद्यापासून कमरेपर्यंत सावकाश खाली यायचं. अंगठ्याचा मऊ भाग टेकवा, कोपर सरळ ठेवा आणि अंगाचा भार हळूच पुढे द्या. नुसत्या बोटांच्या जोरावर दाबलं तर आपलेच अंगठे दुखतात. ती श्वास सोडेल तेव्हा दाबा, तीन ते पाच अंक मोजा, हळूच सोडा. मधूनमधून विचारा, "बरं वाटतंय का?" कळ आली तर थांबा.

याने आखडलेलं अंग सैल होतं, झोप बरी लागते. झिजलेला मणका किंवा सांधा मात्र यातून दुरुस्त होत नाही.

आता आमची चूक सांगतो. आमच्यातल्या एका बाळंतिणीची एकच पोटरी सुजली होती, गरम लागत होती. चालून दमली असेल म्हणून आम्ही दाबायला बसलो. तेवढ्यात आशाताई आल्या आणि त्यांनी आमचे हात धरले. दवाखान्यात कळलं, शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. दाबल्याने ती सुटून फुप्फुसात गेली असती, तर जिवावर बेतलं असतं. आता ती बरी आहे.

तेव्हापासून आमचा नियम आहे. एकच पाय सुजलेला, ताप, ताजा मार, हाड ठिसूळ झालेलं, छातीत किंवा काखेत गाठ असेल, तर हात लावायचा नाही. गरोदर बाईला डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाबायचं नाही. पाय बधिर पडले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आपल्याला हे काय जमणार, असं म्हणू नका. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांनाही आरोग्याचं काम शिकवलं. त्या गावात उपचार करू लागल्या आणि कुणाला दवाखान्यात पाठवायचं, हेही ओळखू लागल्या.

तर पुढच्या बैठकीला एक गोधडी घेऊन या. आणि जी म्हणेल, "माझं राहू द्या, आधी तुमचं होऊ द्या," तिलाच पहिली निजवा.