सूत्रधाराची वर्दी

तंजावरचे राजे शहाजी भोसले (राज्यकाल १६८४–१७१२) यांनी मराठी नाटके रचिली. त्यांतील एकाचे नाव ‘लक्ष्मीनारायण कल्याण’. दक्षिणेत कल्याण म्हणजे विवाह. तेव्हा शेवट नावातच उघड झाला. पात्रप्रवेशाची वर्दीही सूत्रधार आधीच देई. प्रेक्षकांस कथा ठाऊक असे. रस होता तो प्रयोगाच्या रंगतीत.

संगणकावरील क्रिकेटचा नवा खेळ विक्रीस काढणाऱ्यांपुढे हाच प्रश्न असतो: चाहत्यांस आधी किती सांगावे? क्रिकेटचे नियम सर्वांस ठाऊकच असतात. लपविण्याजोगे थोडेच उरते. जे सिद्ध झाले ते सांगावे, जे वगळले तेही सांगावे. अपुऱ्या कामाची ग्वाही मात्र देऊ नये. सूत्रधाराने वर्दी दिलेले पात्र रंगभूमीवर आलेच नाही, तर प्रेक्षक त्याच्या पुढच्या शब्दावर विश्वास ठेवीत नाहीत.