घरच्या पेटीतला मोडी कागद

आयर्लंडमध्ये आपल्या पूर्वजांचा माग काढू पाहणाऱ्याला १९२२ हे वर्ष आडवे येते. त्या वर्षी ३० जून रोजी, यादवी युद्धाच्या धुमश्चक्रीत, डब्लिनचा सरकारी दफ्तरखाना जळाला आणि १८२१ ते १८५१ या काळातील चार खानेसुमाऱ्यांची बहुतेक पाने राख झाली. देशोदेशी पांगलेल्या आयरिश घराण्यांतील नातवंडे आज बाप्तिस्म्याच्या वह्या आणि जमीनमोजणीच्या याद्या चाळून पणज्याचे गाव शोधतात. आमचे दुखणे याच्या उलट आहे, हे चेन्नईस बदली होऊन आल्यावर मला उमगले. आमचे कागद शाबूत आहेत. ते वाचणारे डोळे गेले आहेत.

व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरास गादी स्थापिली. १८५५ मध्ये तिथले दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. त्या दरबाराच्या आश्रयाने वाढलेल्या कुटुंबांपैकी कित्येक पुढे या शहरात आली. घरात मराठी, बाहेर तमिळ असा त्यांचा व्यवहार. आडनावे बहुधा गळून पडली आणि त्या जागी गावाचे आद्याक्षर बसले. बडोद्याचे दिवाण म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या सर टी. माधवरावांच्या नावातला ‘टी’ म्हणजे तंजावर.

माझ्या शेजारी असेच एक वृद्ध गृहस्थ राहतात. गल्ली त्यांना ‘रायर’ म्हणते, मी काका म्हणतो. एका संध्याकाळी त्यांनी फडक्यात गुंडाळलेला एक कागद माझ्या हाती दिला. “तुम्ही तिकडचे. तुम्हाला हे येईल.” कागद मोडीत होता. माझ्या आजोबांना मोडी सहज येत असे, मला एम. ए. होऊनही एक शब्द लागेना. तसे सांगताना जी लाज वाटली, ती कचेरीतल्या कोणत्याही चुकीने वाटली नव्हती.

काकांच्या घरची समजूत अशी की, मूळ पुरुष व्यंकोजीराजांबरोबर घोड्यावरून आला. अशा समजुती सर्वत्र असतात. येथील कालिकांबाळ मंदिरात शिवाजीमहाराज ३ ऑक्टोबर १६७७ रोजी आले होते अशी परंपरा आहे, आणि महाराष्ट्रातून आलेला पाहुणा ती जागा पाहिल्यावाचून परतत नाही. मला मात्र सेंट जॉर्ज किल्ल्यातील इंग्रजांच्या कारभाराची त्याच वर्षीच्या मे महिन्यातील नोंद अधिक मोलाची वाटते. महाराजांनी त्यांच्याकडे विषावरचे उतारे मागविले होते. स्वारीवर निघालेला सावध माणूस त्या एका मागणीत दिसतो.

काकांच्या कागदाचे छायाचित्र मी पुण्यातील मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्याकडे पाठविले. उत्तर आले तेव्हा ते काकांना वाचून दाखवावे की नाही, या विचारात मी दोन दिवस काढले. घोडा नव्हता, तलवार नव्हती. कोण्या छत्रातील हिशेबनिसाला दरमहा दोन चक्रम द्यावेत, एवढाच मजकूर होता. छत्र म्हणजे यात्रेकरूंना अन्न व मुक्काम देणारी धर्मशाळा. सरफोजीराजांनी ओरत्तनाडू येथे मुक्तांबेच्या नावाने उभारलेले छत्र प्रसिद्धच आहे. याच राजांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. राजाच्या वंशावळीला दगड मिळाला. हिशेबनिसाच्या वाट्याला हा कागद.

सरस्वती महालात असे मोडी कागद रुमालांच्या रुमाल आहेत. त्यांतील काहींची तमिळ भाषांतरे तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने छापली आहेत. म्हणजे मराठी दरबाराचा जमाखर्च आज तमिळ वाचकाला माझ्यापेक्षा सुलभ आहे! याबद्दल त्या विद्यापीठाचे आभार मानावेत आणि आपण खाली मान घालावी.

अखेर मी काकांना सारे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “दोन चक्रम. आणि जेवण छत्रातच असेल, नाही?” तसे कागदात नव्हते, मी ‘असेल’ म्हणालो. त्यांनी मुलाला हाक मारून तमिळमध्ये सगळे पुन्हा सांगितले, तेव्हा चक्रमांचे दोनाचे तीन झाले होते. मी दुरुस्ती केली नाही.

कागदाच्या पाठीमागे आणखी तीन ओळी आहेत. शाई पुसट आहे, स्नेह्यांनाही त्या लागल्या नाहीत. मी आता रात्री मोडीची बाराखडी गिरवतो आहे. काका शेजारी बसून माझे ‘ळ’ तपासतात.