घोड्याचा विश्वास



घोड्यास शिक्षण देणाऱ्या माणसास मराठींत एक जुना शब्द आहे, 'चाबुकस्वार'. शब्द मोठा चमत्कारिक आहे. मुलांना शिकविणाऱ्यास कोणी 'छडीवाला' म्हणत नाहीं. पण मुक्या विद्यार्थ्याच्या गुरूचें नांव मात्र त्याच्या हातांतील हत्यारावरून पडलें. घोडा शिकवावयाचा म्हणजे आधीं त्याला मारावयाचा, असा समज या एका शब्दानेंच होऊन बसतो. खऱ्या चाबुकस्वाराच्या हातांतहि चाबूक असतो, नाहीं असें नाहीं. पण तो बोटासारखा असतो, वाट दाखविण्यापुरता. अंगावर वळ उठविण्याचें काम त्याला पडूं लागलें कीं, शिकविणाराचें कोठें तरी चुकलें असें समजावें.

छत्रपति संभाजीनगर, जें २०२३ पर्यंत औरंगाबाद या नांवानें ओळखलें जाई, तें शहर एका अर्थीं घोड्याच्या पाठीवरच उभें राहिलें. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास खडकी येथें हें नगर वसविलें. त्याचें सारें बळ हलक्या आणि चपळ घोडदळांत होतें, आणि त्या घोडदळांत मराठे स्वारांचा भरणा मोठा होता. वेरूळ, जेथें भोसल्यांचें घराणें नांदलें, तें येथून अवघ्या दहा कोसांवर. पुढें येथें मोगलांची छावणी पडली, निजामाच्या अमदानींत कंटिंजंटचे रिसाले राहिले, आणि आगगाडी आल्यावर स्टेशनापासून शहरांत, दौलताबादेस व वेरुळास प्रवासी पोंचविण्याचें काम टांग्याच्या घोड्यांनीं केलें. या साऱ्या घोड्यांपैकीं कितीकांस मायेनें शिकविलें आणि कितीकांस माराने वांकविलें, याचा हिशेब कोणत्याहि दप्तरांत सांपडावयाचा नाहीं.

मात्र घोड्याची निगा ही राज्याची बाब आहे, ही जाणीव महाराष्ट्रांत जुनी आहे. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था दिली आहे. तींत पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी आणि एक नालबंद अशी नेमणूक सांगितली आहे. स्वारांच्या आधीं घोड्यांच्या पाण्याची आणि खुरांची तजवीज! चिपळूणच्या छावणींतील अंमलदारांस महाराजांच्या वेळीं गेलेलें पत्र तर प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व वैरण आतांच मनमानेल तशी उधळाल, तर पुढें घोडीं उपाशीं मरूं लागतील, आणि तीं तुम्हींच मारिलीं असें होईल, असा त्याचा आशय आहे. उपासमारीचा दोष पावसावर नाहीं, दुष्काळावर नाहीं, सांभाळणाराच्या माथीं ठेवला आहे, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे.

आतां घोड्याचा स्वभाव पाहूं गेल्यास पहिली गोष्ट ही कीं, घोडा हा शूर प्राणी नव्हे. रणांगणावरील चित्रें पाहून आपली समजूत वेगळी झालेली असते. घोडा हें श्वापदांचें भक्ष्य. माळरानावर लाखों वर्षें तो जगला तो पळून जगला. त्याचे डोळे मस्तकाच्या दोहों बाजूंस असल्यामुळें जवळजवळ चहूंकडचें त्याला एकाच वेळीं दिसतें. दिसत नाहीं तें फक्त अगदीं कपाळासमोरचें आणि शेपटामागचें. दोन्ही कान निरनिराळ्या दिशांस वळवितां येतात. तो उभ्यानें डुलकी घेतो, म्हणजे प्रसंग पडल्यास धांवण्यास तयारच. अशा प्राण्याच्या पाठीवर बसावयाचें, म्हणजे वाघ जेथें झडप घालतो नेमकें त्याच जागीं बसावयाचें! घोडा पहिल्यानें उधळतो याचें आश्चर्य वाटूं नये. पुढें तो बसूं देतो हेंच खरें आश्चर्य.

म्हणून शहाणा शिकविणारा पहिले कांहीं दिवस कांहींच करीत नाहीं. तो तबेल्यांत जातो, बछेऱ्यापासून दूर एका बाजूस बसतो, आणि उठून निघून येतो. बघणाऱ्यांस हा आळस वाटतो. परंतु हा माणूस येतो आणि त्याच्या येण्यानें आपलें कांहीं वाईट होत नाहीं, हा पहिला धडा त्या वेळीं चाललेला असतो. एके दिवशीं बछेरा आपण होऊन मान लांबवितो आणि हुंगतो. तेव्हांहि त्याचें तोंड धरूं नये. हाताची पालथी बाजू पुढें करावी आणि त्याला हुंगूं द्यावें. जवळ जाणें तें खांद्याच्या बाजूनें, हळू बोलत; समोरून चालून जाऊं नये, मागून तर मुळींच नाहीं. पहिला स्पर्श कपाळाला न करितां जेथें मान संपून पाठ सुरू होते, त्या उंचवट्यापाशीं करावा. कळपांतील घोडीं एकमेकांचें अंग चावून खाजवितात तें बहुधा येथेंच. १९९३ सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं या जागीं खाजवून घोड्यांच्या नाडीचे ठोके मोजले, तों ते मंदावलेले आढळले. जुन्या मोतद्दारांस हें नाडी न मोजतां ठाऊक होतें. खरारा करतांना घोड्याचा खालचा ओठ लोंबूं लागला कीं, ते तेथेंच आणखी दोन हात अधिक फिरवीत.

मग मोहरकी येते. येथें सर्व विद्येचें मर्म आहे. दोरी किंचित् ताणली आणि बछेऱ्यानें एक पाऊल पुढें टाकलें, कीं त्याच क्षणीं ती ढिली सोडावी. घोडा शिकतो तो ओढण्यानें नव्हे, सोडण्यानें. आपण काय केलें म्हणतां हा त्रास थांबला, एवढेंच तो लक्षांत ठेवतो. शिकविणारानें दोरी दोन क्षण उशिरां सोडली, तर घोड्यास वाटतें कीं पाऊल टाकण्याचा कांहीं उपयोग नाहीं, मान झिंजाडण्याचा आहे. नवशिके लोक ज्याला घोड्याचा हट्ट म्हणतात, तो पुष्कळ वेळां त्यांच्याच हाताचा आळस असतो.

पुढची वाटचाल अशीच पायरीपायरीनें होते. नालबंद येण्यापूर्वीं महिनाभर रोज एकेक पाय उचलून लागलीच खालीं ठेवणें. मग दोरीवर कावा देणें. मग खोगिराच्या आधीं नुसती घोंगडी त्याच्या नाकापाशीं धरणें, खांद्यावर टाकणें, काढणें, पुन्हां टाकणें. एके दिवशीं स्वार पाठीवर नुसता आडवा ओणवा होतो आणि उतरतो. मांड ठोकण्याची वेळ येते तेव्हां घोड्याच्या लेखीं तींत नवें असें थोडेंच उरलेलें असतें. यास महिने लागतात. मारून हेंच काम आठ दिवसांत होतें, असें सांगणारे लोक सर्वत्र भेटतात. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं; फक्त आठ दिवसांत तयार झालेला घोडा पुढें वीस वर्षें कसा वागतो, हें ते सांगत नाहींत.

माया म्हणजे लाड नव्हेत, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. हातानें गूळ चारचारून ज्याला चावण्याची खोड लावली, त्या घोड्यावर कोणी उपकार केला असें म्हणतां येत नाहीं. अंगावर रेटणाऱ्या घोड्यास शांतपणें, पण न चुकतां, एक पाऊल मागें सारावेंच लागतें. आज एक नियम आणि उद्यां दुसरा, यासारखी भीति घोड्यास दुसरी नाहीं.

आणि राग? ग्रीक सेनानी झेनोफन यानें ख्रिस्तापूर्वीं चौथ्या शतकांत अश्वविद्येवर एक ग्रंथ लिहिला. घोड्याजवळ रागानें कधीं जाऊं नये, आणि तो ज्या वस्तूला बुजतो ती त्याला निर्भयपणें पाहूं द्यावी, असें त्यानें तेव्हांच सांगून ठेविलें आहे. कारण उघड आहे. मोरीवर पडलेल्या कागदास बुजलेल्या घोड्यास चाबूक मारला, तर कागद पाहिला कीं अंग भाजतें, एवढेंच तो शिकतो. एका भयाचीं दोन होतात. इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठांत २०१६ सालीं घोड्यांस अनोळखी माणसांचीं रागीट आणि हंसऱ्या चेहऱ्यांचीं छायाचित्रें दाखविलीं, तेव्हां रागीट चेहरा पाहतांच त्यांच्या काळजाचे ठोके लवकर वाढले. नुसत्या चित्रानें ही अवस्था, तर प्रत्यक्ष माणसाच्या आवळलेल्या जबड्यानें काय होत असेल! बर्लिन शहरीं 'हुशार हान्स' नांवाचा घोडा खुरानें टाप मारून गणितें सोडवितो, अशी शंभर वर्षांपूर्वीं मोठी ख्याति झाली होती. १९०७ सालीं उलगडा झाला तो असा कीं, घोड्यास गणित येत नव्हतें. उत्तराचा आंकडा आला कीं विचारणाराची मान नकळत किंचित् हाले, तेवढें त्याला दिसे. त्याचा धनी, तो एक निवृत्त शिक्षक होता, बिचारा खट्टू झाला. वास्तविक त्याच्या घोड्याचें हें वाचन गणिताहून अवघड होतें.

जुन्या काळच्या सर्वच प्रसिद्ध अश्वशिक्षकांस मात्र सौम्य म्हणतां यावयाचें नाहीं. अमेरिकेचा रेरी नांवाचा गृहस्थ १८५८ सालीं इंग्लंडांत गाजला. राणी व्हिक्टोरियानेंहि त्याचे प्रयोग पाहिले. तो मारीत नसे, हें खरें. परंतु घोड्याचा एक पाय पट्ट्यानें बांधून, तो थकून जमिनीवर लोळेपर्यंत त्याला झगडूं देई. त्यानंतर तो गोंजारी. हा विश्वास कीं शरणागति, हा प्रश्न तेव्हां फारसा कोणीं विचारला नाहीं. छळानें आशा सोडलेला घोडाहि स्तब्ध उभा राहतो. लोकांस तो शहाणा वाटतो. पण त्याच्या कानांकडे पाहावें. ते बोलणाराकडे वळत नाहींत, आणि त्याचे डोळे उघडे असून कशावरच ठरत नाहींत.

महाराष्ट्रांत या विद्येचें नांव ज्यांनीं केलें, त्यांत विष्णुपंत छत्रे हे अग्रगण्य होत. ते कुरुंदवाड संस्थानच्या पागेंतले. मुंबईंत किआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस आली; ती पाहून १८८० च्या आगेमागें त्यांनीं स्वतःची सर्कस उभारली, आणि ती हिंदी माणसाची पहिली सर्कस म्हणून गणली जाते. तिचा उगम तबेल्यांत झाला, ही गोष्ट हल्लीं विसरली गेली आहे. रिंगणांत घोडा एकाच लयीनें धांवत असतां त्याच्या पाठीवर माणूस उभा राहतो. तेथें लगाम कोणाच्याच हातांत नसतो. घोड्यानें एक पाऊल दचकून टाकलें तर वरचा माणूस गेलाच. शेंकडों दिव्यांत, वाद्यांत आणि टाळ्यांत त्यानें तें टाकूं नये, हें चाबकाच्या भयावर किती दिवस चालेल?

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत सिंहल नांवाच्या व्यापाऱ्याची कथा रंगविली आहे. राक्षसींच्या बेटावर अडकलेल्या व्यापाऱ्यांस बलाह नांवाचा शुभ्र घोडा पाठीवर घेऊन समुद्रापार निघाला; अट एकच, मागें वळून पाहावयाचें नाहीं. बाकीच्यांनीं पाहिलें, आणि ते पडले. सिंहल तेवढा पोंचला. तेथें विश्वास ठेवावयाचा होता तो माणसानें घोड्यावर.

हल्लीं शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचा घोड्याशीं संबंध बहुधा एकाच दिवशीं येतो, तो वरातीच्या. बँडचे नगारे कानाशीं, फटाके पायाशीं, पाठीवर एक अनोळखी, घाबरलेला तरुण. कांट्यांचा लगाम १९६५ च्या नियमांनीं मना आहे. तरी ठरविण्यापूर्वीं घोड्याच्या तोंडांत काय आहे तें यजमानानें पाहून घ्यावें, आणि ओठांच्या कोपऱ्यांस जखमा असल्यास तो घोडा पत्करूं नये. फटाके वरातीच्या बऱ्याच पुढें, नाहीं तर अजिबात नकोत. घोडा आल्याबरोबर त्याला पाणी विचारावें आणि बँडच्या आवाजांत थोडा वेळ रिकामाच उभा राहूं द्यावा. नवरदेवानेंहि एकदम वर चढूं नये. मोतद्दारास घोड्याचें नांव विचारावें, खांद्यापाशीं उभें राहून तें नांव दोनदां घ्यावें, आणि घोडा मान खालीं सोडून एक दीर्घ फुरफुर करीपर्यंत तेथेंच थांबावें.