दुरावलेल्या आईवडिलांचा स्मृतिभ्रंश

एखाद्या बुवाच्या पंथापायी मायलेकरांत दुरावा येतो, आणि पुढे त्याच आईला स्मृतिभ्रंश होतो. या आजारात ताज्या आठवणी आधी जातात, जुन्या बराच काळ टिकतात. म्हणून सकाळचं जेवण विसरलेली आई बुवाचं नाव मात्र घेत राहते. वाद घालू नका, विषय बदला. झाल्या गोष्टींचा जाब आता तिच्याकडून मिळणं अवघड. विसर पडू लागला, तर केज परिसरात राहणाऱ्यांनी तपासणीसाठी अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठावं. थायरॉईड किंवा बी-१२च्या कमतरतेनंही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. २००७च्या कायद्यानं निराधार आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर आहे. एकाच घरात राहण्याची सक्ती नाही. तुमचंच मन जड झालं, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोला.