हातात काय, पायाखाली कोण

मंडळी, आपल्यापैकी पुष्कळांचा अक्षराभ्यास बासरला झालेला आहे. सरस्वती ओळखायची कशी, हे कोणी मुद्दाम शिकवले नाही; वीणा आणि पोथी दिसली की आपले हात जुळतात. पैनगंगेपलीकडे माहूरला तर ना हात, ना आयुध, नुसते मुख; तरी रेणुकामाय आपली ओळखीची. मग जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये आपण भांबावतो ते का? तिथली लिपी निराळी, एवढेच.

त्या लिपीतली एकच स्त्री आज घेऊ : अलेक्झांड्रियाची संत कॅथरिन. आख्यायिका अशी, की या राजकुळातल्या विदुषीने सम्राटाच्या पन्नास पंडितांना वादात हरवले. तिला खिळ्यांच्या चाकावर मारायचे ठरले, तर चाकच मोडले. अखेर तलवारीने शिरच्छेद झाला. म्हणून मध्ययुगीन युरोपच्या शिल्पांत तिला मुकुट, हाती ग्रंथ, जवळ चाक आणि तलवार.

इथे जरा थांबू. आपली महिषासुरमर्दिनी शत्रूला मारणारे शस्त्र धरते. कॅथरिन धरते ते तिलाच मारणारे! पायाखाली पुष्कळदा एक मुकुटधारी पुरुष चेपलेला असतो, तो तिचा जीव घेणारा सम्राट. मेलेली वर, मारणारा खाली.

आता गोवा. आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून ते जिंकले २५ नोव्हेंबर १५१० रोजी, नेमके कॅथरिनच्या सणादिवशी. झाले, ती शहराची पालक संत ठरली. से कॅथेड्रल तिच्याच नावाचे; मुख्य वेदीमागच्या सोनेरी मखरात तिचेच प्रसंग कोरलेले. चाक तर पुढे पोर्तुगीज भारताच्या राजचिन्हातच जाऊन बसले.

पण पाहायची ती व्हाइसरॉयची कमान, वास्को द गामाच्या पणतूने उभारलेली. तिच्यावर एक स्त्रीमूर्ती आहे, हाती ग्रंथ आणि तलवार. पुष्कळ जण तिला कॅथरिनच मानतात. पायाखालचा पुरुष मात्र रोमन नव्हे, आपल्याकडच्या वेषातला. तो तिला मारणारा नव्हता. त्याचे शहर जिंकले गेले होते. चिन्हे तीच राहिली, आणि छळ सोसलेल्या बाईची तलवार जिंकणाऱ्यांच्या कामी आली.

दिवाडच्या फेरीकडून येणाऱ्याला आधी वास्को द गामाच दिसतो. ही मूर्ती पलीकडल्या अंगाला आहे. कमान ओलांडून मागे वळावे लागते.