रेल्वे चुकलेली गावं



आजचा विषय ऐकून संयोजकांपैकी एकजण मला म्हणाले, ‘डोंबिवलीकरांना गाडी चालवायच्या गोष्टी काय सांगता? आपण गाडी चालवत नाही, गाडीत बसून राहतो.’ कल्याण-शीळ रस्त्यावरून संध्याकाळी येणाऱ्यांना हे पटेल. तरीही आपल्याकडची मंडळी हल्ली कल्याणच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढतात आणि जर्मनीत फ्रँकफर्टला उतरून भाड्याच्या गाडीत बसतात. बऱ्याच जणांची मुलं तिकडे नोकरीला आहेत, त्यामुळे निमित्तही असतंच.

परत आले की त्यांना पहिला प्रश्न असतो ऑटोबानचा, म्हणजे तिथल्या महामार्गाचा. किती मारलीस? तर तेवढं आधी उरकून टाकतो. ऑटोबानच्या बऱ्याच भागावर कमाल वेगमर्यादा नाही हे खरं, शिफारस मात्र ताशी १३० किलोमीटरची आहे. बाकीची शिस्त कडक. डावी लेन फक्त पुढे जाण्यापुरती, आणि उजवीकडून ओव्हरटेक केलं तर दंड. वाटेत पेट्रोल संपून गाडी थांबली तरी दंडच, कारण टाकी बघणं तुमचं काम. मला यातलं सगळ्यात आवडलं ते वेगळंच. वाहतूक तुंबायला लागली की सगळ्यात डाव्या लेनमधल्या गाड्या डाव्या कडेला सरकतात, बाकीच्या उजवीकडे, आणि मधून रुग्णवाहिकेपुरती वाट मोकळी होते. सायरन ऐकू येण्याच्या आधी! कोणी उतरून हातवारे करत नाही.

असो. मला बोलायचंय ते गाडी जिथे थांबते त्या जागेबद्दल. व्युर्त्सबुर्गपासून आल्प्सच्या पायथ्याच्या फ्युसेनपर्यंत ‘रोमँटिक रोड’ नावाचा रस्ता जातो. हा कुठल्या राजाने बांधलेला नाही. महायुद्ध संपून पाच वर्षं झाली होती, देश मोडून पडला होता. १९५० साली पर्यटनवाल्यांनी आधीपासूनचेच रस्ते एका माळेत ओवले आणि पाट्या लावल्या. या रस्त्यावर रोथेनबुर्ग, डिंकेल्सब्युल, न्योर्डलिंगेन ही तटबंदीची गावं लागतात. वेशीपाशी पोचलात की तुमच्या गाडीचं काम संपलं. रोथेनबुर्गला तटाबाहेर पी-१ पासून पी-५ पर्यंत वाहनतळ आहेत, पाहुण्याने गाडी तिथे लावायची आणि कमानीतून चालत आत जायचं.

काही गावांत मात्र रस्त्याकडेला ठरावीक वेळ फुकट गाडी लावता येते. त्यासाठी गाडीत पुठ्ठ्याची एक निळी तबकडी असते. तिच्यावरचा काटा आपण आलो त्याच्या पुढच्या अर्ध्या तासावर फिरवायचा. म्हणजे दहा वाजून दहा मिनिटांनी आलात तर साडेदहा. वरची वीस मिनिटं नगरपालिकेकडून भेट. तबकडी काचेमागे ठेवायची आणि जायचं. पावती फाडणारा नाही, शिट्टी नाही. मी दोन-तीनदा मागे वळून पाहिलं, कोणी येतंय का म्हणून. सवय!

आता ही गावं इतकी जशीच्या तशी राहिली कशी? आपलं ठरलेलं उत्तर असतं, ‘त्यांना इतिहासाची कदर आहे.’ मला ते अर्धवट वाटतं. रोथेनबुर्ग एकेकाळी सम्राटाच्या थेट अखत्यारीतलं श्रीमंत शहर होतं. तीस वर्षांच्या युद्धात, १६३१ साली, ते शत्रूच्या हाती पडलं आणि पुढे पार मागे पडलं. नवी घरं बांधायला पैसा नव्हता, त्यामुळे जुनी पाडायचं कारणही नव्हतं. मोठी रेल्वेलाइन बाजूने निघून गेली. गावाला १८७३ साली मिळाला तो एक फाटा. गाव गरीब राहिलं म्हणून तट राहिला. कदर नंतर आली, चित्रकारांच्या आणि प्रवाशांच्या मागोमाग. डिंकेल्सब्युलला तर लोक तट पाडतच होते. बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला याने १८२६ साली हुकूम काढून ते थांबवलं, म्हणून आज आपण फोटो काढतो.

आता कल्याणकडे या. कान्हेरी लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत, ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मध्ये या बंदराचा उल्लेख आहे. वयाचं म्हणाल तर रोथेनबुर्ग आपल्यापुढे पोर. कल्याणलाही सतराव्या शतकातला तट होता, वेशी होत्या. खाडीकडे दुर्गाडी किल्ला. मग १ मे १८५४ रोजी ठाण्याहून रेल्वे आली. पुढे इथून एक फाटा कसाऱ्याकडे गेला, दुसरा कर्जतकडे. गावाने खाडीकडे पाठ फिरवली आणि तोंड स्टेशनकडे केलं. पारनाका, दूधनाका ही नावं राहिली, सलग तट नाही. कल्याणचं नशीब असं की त्याच्या वाट्याला रोथेनबुर्गचं दारिद्र्य आलंच नाही. जंक्शन झालेल्या गावाला तट परवडत नाही. यात कोणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. दुर्गाडीच्या पायथ्याचं ट्रॅफिक बघून वाईट वाटतं, ते वेगळं.

ठाण्याचा मासला आणखी मजेशीर. न्युरेंबर्गच्या किल्ल्यात जुन्या कोठारात आता तरुणांचं वसतिगृह आहे. ठाण्याच्या किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे. म्हणजे मुक्कामाची सोय दोन्हीकडे, फक्त आपल्याकडे बुकिंग कोर्टातून होतं. १८१६ साली पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या याच किल्ल्यातून इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन निसटले. ती भिंत तुम्हाआम्हाला आतून बघता येत नाही.

जर्मनीतलं जे ‘जुनं’ आपण बघतो ते सगळं जुनं नाही, हेही सांगायला हवं. ३१ मार्च १९४५ रोजी रोथेनबुर्गवर बॉम्ब पडले आणि जुन्या गावाचा सुमारे ४० टक्के भाग गेला. तटावरून चालताना भिंतीत बसवलेल्या पाट्या दिसतात. इतके मीटर अमुक यांच्याकडून. देशोदेशीच्या लोकांनी मीटरच्या हिशेबाने पैसे देऊन तट परत उभा केला, जपानी नावं तर भरपूर. आपल्या देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं असतात, त्यांची आठवण झाली. माझ्याबरोबरचे एक गृहस्थ हिरमुसले, ‘म्हणजे नकलीच की!’ मला नाही तसं वाटत. पडलेली भिंत त्याच जागी, तशीच उभी करायला ज्यांनी पैसे दिले, तेही आता तिच्या इतिहासात आले. नक्कल म्हणायची तर गावातल्या दुकानांना म्हणा. तिथे बाराही महिने नाताळचं सामान विकतात.

खरा न मोडलेला तट हवा असेल तर न्योर्डलिंगेनला जा. पावणेतीन किलोमीटरची पूर्ण फेरी, वर छप्पर, पावसातही होते. हे गाव सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळून झालेल्या विवरात वसलंय. त्या धडाक्यात तयार झालेल्या दगडाचंच तिथलं चर्च आहे. त्याच्या ९० मीटर उंच मनोऱ्यावरून पहारेकरी अजूनही रात्री आरोळी देतो.

एक चिठ्ठी आली आहे. ‘गाडी घ्यावी की रेल्वे?’ म्युनिक, न्युरेंबर्ग, आउग्सबुर्ग यांना रेल्वेनेच जा. मोठ्या शहरात गाडी म्हणजे गळ्यात धोंड, शिवाय बऱ्याच ठिकाणी प्रदूषणाचं हिरवं स्टिकर लागतं. गाडी घ्या ती रेल्वे चुकलेल्या किंवा फाट्यावरच्या गावांसाठी, तीन-चार दिवसांपुरती. आणि ज्या दिवशी विमानातून उतराल त्या दिवशी घेऊ नका. रात्रभर जागरण, स्टिअरिंग डावीकडे, आणि बाजूला बायको नकाशा वाचतेय. एक रात्र झोपा, मग निघा.